टोकावड्यापर्यंत मागं घेतोय

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्याला भगीरथ मेंगाळची जीप सरळगावाहून टोकावड्यापर्यंत, आणि तिथून डोंगरातल्या पाड्यापर्यंत, सगळी वाट मागच्या बाजूने गेली आणि मागच्याच बाजूने परत आली.

असं काही झालेलं नाही. भगीरथ शहापुरात एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळतो, आणि सरकारी नोकर सार्वजनिक रस्त्यावर असलं काही करत नसतो. वरचं वाक्य कुणी नजरचुकीने वाचलं असेल तर त्याने ते विसरावं आणि जे खरोखर घडलं तेवढंच पुढे वाचावं.

खरोखर घडलं ते एवढंच, की भगीरथने जीप घेतली. भातसा धरण बांधलं जात होतं तेव्हा कुणा ठेकेदाराने ती आणली होती. काम संपल्यावर ठेकेदार गेला, जीप राहिली. भातसानगरात एका शेडमागे ती वीसेक वर्षं उभी होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. विकणाऱ्याने व्यवहाराच्या दिवशी दोन कोंबड्या बाहेर काढल्या. तिसरी सीटखाली खुडूक बसली होती, ती निघेना, म्हणून ती जीपबरोबरच सरळगावला आली. प्रवासात तिने तक्रार केली नाही. जीप तेव्हा ट्रॅक्टरला बांधलेली होती.

शहाणा माणूस स्कूटर घेतो. भगीरथलाही ते कळत होतं. पण त्याला गाडी स्वतःसाठी नको होती, सासऱ्यांसाठी हवी होती, आणि सासऱ्यांच्या पाड्यावर जाणारी वाट स्कूटरने बघितली असती तर ती तिथूनच परत फिरली असती.

त्याचं असं झालं होतं. सहा वर्षांपूर्वी भगीरथचं लग्न सरळगावात लागलं, तेव्हा नवरीचे वडील नवसूबाबा टोकावड्याच्या वरच्या पाड्यावरून पायी आले होते. वऱ्हाडाचा टेम्पो त्यांच्यानंतर अर्ध्या तासाने पोचला. जेवणं उरकल्यावर भगीरथच्या काकांनी अगत्याने त्यांना सांगितलं, की व्याही, आता लेकीकडे येत जा, पायी कशाला, एसटी आमच्या दारावरून जाते. नवसूबाबांनी आजूबाजूला बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले,

"मला गाडी लागते."

एवढं बोलून त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि विषय संपवला.

विषय तिथेच सुरू झाला. काकांच्या कपाळाला आठी पडली. एसटी चालत नाही, टेम्पो चालत नाही, व्याह्यांना गाडी लागते! मांडव उतरेपर्यंत ही बातमी शेवटच्या पंगतीपर्यंत पोचली, आणि पोचताना तिच्यात 'सोताची' हा शब्द वाढला. भगीरथ तेव्हा चोवीस वर्षांचा होता, नोकरी नवीन होती, रक्त गरम होतं. त्याने पाड्यावर निरोप धाडला, की मामा, मी सोताची गाडी घेऊन तुमच्या दारात न्यायला येईन, तोवर तुमी पायी येऊन आमाला लाजवू नका.

निरोप ऐकून नवसूबाबा बराच वेळ समोरच्या डोंगराकडे बघत राहिले म्हणतात. पण जावयाने शब्द टाकला होता. तो मोडून पायी जायचं म्हणजे जावयाची ऐपत काढल्यासारखं. त्यामुळे सहा वर्षं ते आले नाहीत, आणि सहा वर्षं भगीरथला गाडी जमली नाही.

मधल्या काळात रंजिताने, म्हणजे भगीरथच्या बायकोने, मुरबाडच्या बाजारातून एक खुर्ची आणली होती. लोखंडी नळ्यांची, हिरव्या-पांढऱ्या नायलॉनच्या पट्ट्यांची. ती ओटीवर भिंतीला टेकून असे आणि तिच्यावरचा प्लास्टिकचा कागद काढलेला नव्हता. बा आल्यावर काढायचा. तिच्यावर कुणी बसायचं नाही. मनस्वी, त्यांची पाच वर्षांची मुलगी, एकदा बसली तर तिला उठवण्यात आलं. घरात आलेला माणूस जमिनीवर बसे आणि खुर्चीकडे आदराने बघे.

आता जीप आली होती, आणि ती चालवायची एवढंच बाकी होतं.

जीपच्या तब्येतीसाठी कोंडू मिस्त्रीला बोलावलं. कोंडू मूळचा भातगिरणीचा मिस्त्री. मुरबाड तालुक्यात अशी गिरणी नव्हती जिचा पट्टा कोंडूने चढवला नव्हता. जीप ही त्याच्या दृष्टीने गिरणीच होती, फक्त तिला एका जागी राहायची शिस्त नव्हती. त्याने इंजिन खोललं, धुतलं, जोडलं, आणि चौथ्या दिवशी जीप चालू झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोंबडी उतरली.

जीप बरोबर दोन मैल गेली आणि बंद पडली.

पंधरा मिनिटं थांबल्यावर पुन्हा चालू झाली, पुन्हा दोन मैल गेली, पुन्हा बंद. असं आठवडाभर चाललं. मैलाच्या दगडापेक्षा जीप खरी, असं लोक म्हणायला लागले. कोंडूने प्लग बदलले, पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, कार्बोरेटर तीनदा फुंकला. करंट होता, पेट्रोल होतं, हवा होती. "सगळं हाय," कोंडू म्हणायचा, "मंग दुखतंय कुठं?" डॉक्टरही शेवटी ज्या वळणावर येतात त्या वळणावर तो आला आणि म्हणाला, की हिच्या मनातच नाही.

हे कोडं रंजिताने सोडवलं. जीप किन्हवलीच्या अलीकडे बंद पडली होती आणि ती एसटीने भाकरी घेऊन गेली होती. भाकरी खाऊन भगीरथने टाकीत पेट्रोल किती उरलं ते बघायला झाकण उघडलं. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली होती. मूळ झाकण कधीच हरवलं होतं, त्या जागी भगीरथने घरातल्या डब्याचं रबर लावलेलं झाकण बसवलं होतं, घट्ट, पेट्रोल उडून जाऊ नये म्हणून. झाकण उघडताना टाकीने 'फुस्स' केलं.

"थांबा," रंजिता म्हणाली. "हे असं रोज वाजतं?"

"वाजतं की. नवीन झाकण हाय."

"अवो, लोनच्याच्या बरनीवानी बंद केलीय तिला. वारा आत गेला नाय तर पेट्रोल भायेर कसं येल?"

तिने गोणपाट शिवायच्या दाभणाने झाकणाला भोक पाडलं. जीप त्या दिवशी शहापूरपर्यंत गेली आणि न थांबता परत आली. कोंडूने झाकण हातात घेऊन भोकातून उजेडाकडे बघितलं. दुसऱ्या दिवसापासून तो गावोगाव सांगायला लागला, की भोक मीच पाडलं.

त्यानंतर गिअर निघाला. पुढचे तीन ठीक होते, मागे जायचा एक, तो टिकत नव्हता. टाकला की दहा पावलांवर 'खट्' करून सुटायचा. त्यासाठी सगळा गिअरबॉक्स उतरवावा लागणार होता. कोंडूने विचार केला आणि सांगितलं, "भाऊ, मागं जायला आपल्याला लागतं किती? पुढं जायाचं बघा." मागच्या गिअरसाठी दांड्याला काथ्याची दोरी बांधली. मागे घेताना कुणीतरी ती ओढून धरायची, म्हणजे गिअर सुटत नाही. हा निर्णय सगळ्यांना पटला. पुढे तो सगळ्यांना आठवलाही.

दसरा आठ दिवसांवर आला तसा भगीरथने पाड्यावर निरोप धाडला, की दसऱ्याला दुपारी गाडी दारात येईल. "येऊ द्या," असा उलट निरोप आला. तो घेऊन येणाऱ्या माणसाने सांगितलं, की नवसूबाबा जरा उतरल्यासारखे दिसतात. रंजिता म्हणाली, आनंद झाला की बाचं असंच होतं.

आणि अष्टमीला जीप मागच्या चाकांकडून ओरडायला लागली, खलबत्त्यात खडे कुटावेत तशी. कोंडूने जमिनीला कान लावून निदान केलं, की मागच्या एक्सलमधलं बेअरिंग गेलं. मागचा एक्सल म्हणजे दोन मागच्या चाकांना जोडणारी लोखंडी आडवी तुळई, मधे गोळा, त्या गोळ्यात दातेरी चक्रं. कोंडूने ती सगळीच्या सगळी खाली उतरवली, अंगणात पोत्यांवर ठेवली, बेअरिंग बदललं. मग गिरणीतल्या सवयीप्रमाणे गेरूत बोट बुडवून, जी बाजू वर यायची तिला एक ठिपका लावला. त्याची सगळी विद्या त्या ठिपक्यात होती. लाल ठिपका वर, एवढं पाळलं की गिरणी चुकत नाही. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. अवजारांची पूजा, हत्याराला हात लावायचा नाही. तेव्हा दसऱ्याला सकाळी येऊन जोडतो, असं सांगून तो आपल्या पान्यांची पूजा करायला घरी गेला.

भगीरथची आई धोंडीबाई नवमीला पहाटे उठली. कोयते, विळे, कुऱ्हाड, पहार, सगळं घासून झालं आणि तिची नजर अंगणातल्या एक्सलवर गेली. घरात एवढं मोठं लोखंड आजवर आलं नव्हतं. आणि ते पूजेच्या दिवशी तेलाने माखलेलं, वर मातीचा डाग! तिने रंजिताला हाक मारली. दोघींनी मिळून एक्सल रॉकेलने घासला, मग राखेने, मग पाण्याने. खालची बाजू घासायला पालथा केला, वरची धुवायला उताणा केला, ऊन लागावं म्हणून पुन्हा पालथा केला. मग जी बाजू वर आली तिला हळदीकुंकवाचं बोट लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, नारळ फोडला. हळद वाऱ्याने उडाली, कुंकू राहिलं.

दसऱ्याला सकाळी कोंडू आला. लाल ठिपका वर होता. त्याने एक्सल चढवला. एक्सल स्प्रिंगच्या पाट्यांवर टेकतो त्या बैठका खरं तर एकाच बाजूला असतात, आणि तिथे त्याला चूक कळायला हवी होती. पण पूर्वीच्या कुणा मिस्त्रीने त्या दोन्ही बाजूंना जोडून ठेवल्या होत्या. त्यालाही बहुतेक खात्री नव्हती.

साडेबाराला जीप तयार झाली. बॉनेटला झेंडूचा हार, काचेला आंब्याची डहाळी. भगीरथ नवा शर्ट घालून बसला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि जीप मागे जाऊन पेंढ्याच्या उडवीत शिरली.

"भाऊ, पयला टाका," कोंडू म्हणाला.

"पयलाच टाकलाय."

"मंग मागं का गेली?"

"ते तू सांग."

दुसरा टाकला. जीप आणखी जोरात उडवीत शिरली. तिसरा टाकायची कुणाला हिंमत झाली नाही. शेवटी भगीरथने मागे जायचा गिअर टाकला, तशी जीप डुगडुगत दहा पावलं पुढे आली आणि 'खट्' करून थांबली. म्हणजे जीपला आता मागे जायला तीन गिअर होते आणि पुढे जायला एक, आणि तो सुटत होता.

कोंडू पायरीवर बसला. विचार करून म्हणाला, "गाडी बरोबर हाय. आपन उलटे बसतोय."

भगीरथला आठवलं, की जीपला आणखी एक छोटा दांडा आहे, तो ओढला की पुढची चाकंही ताकद लावतात. त्याने तो ओढला. मागची चाकं मागे निघाली, पुढची पुढे. जीप जागच्या जागी थरथरायला लागली, मधे जरा वर उचलल्यासारखी झाली, पण तसूभर हलली नाही. भगीरथला हे दृश्य ओळखीचं वाटलं. कचेरीत दोन शाखांनी एकाच फाइलवर वेगवेगळे शेरे मारले की ती अशीच करते.

कोंडूने जीपखाली जाऊन ठिपक्याला बोट लावलं, बोट हुंगलं, आणि तिथूनच सांगितलं, "मावशी, हा गेरू नाय."

"गेरू व्हता तो पुसला," धोंडीबाई म्हणाली. "खंडेनवमीला कुनी गेरू लावतं काय? कुंकू लावलं."

यात तिचं काही चुकलेलं नव्हतं.

एक्सल पुन्हा उतरवून चढवायचा म्हणजे दिवस मोडणार. भगीरथ म्हणाला, आज राहू दे, उद्या जाऊ. तेव्हा त्याने बघितलं, की रंजिता खुर्ची घेऊन जीपच्या मागे उभी आहे आणि तिने प्लास्टिकचा कागद काढला आहे.

"बा सकाळधरनं दारात बसला असंल," ती म्हणाली. "आज गाडी गेली नाय, तर तो समजंल की गाडी नायच. तो परत कदी इचारनार नाय, तुमी परत कदी बोलनार नाय. मला ठावं हाय दोगंबी. गाडी कशीबी जाऊ दे, पन जाऊ दे."

भगीरथ गाडीत बसला.

आधी सरळ प्रयत्न झाला. भगीरथने मागचा गिअर टाकला, कोंडूने दोरी ओढून धरली, जीप माणसाच्या चालीने पुढे निघाली. वेशीपर्यंत जाईतो रेडिएटरमधून वाफ आली आणि दोरी तुटली. सरळगावात सरळ जाता येणार नाही हे नक्की झालं. पाणी ओतलं, इंजिन निववलं, जीप वळवून घेतली. धोंडीबाई मागून चालत आली होती. तिने बॉनेटवरचा हार सोडला आणि मागे बांधला. जिकडं जायाचं तिकडं हार, एवढंच ती म्हणाली.

मग जे झालं नाही ते असं झालं. मागची फळी पाडून तिथे खुर्ची दोरीने बांधली, तोंड रस्त्याकडे. खुर्चीजवळ रंजिता मनस्वीला धरून बसली, कारण वाट तिलाच दिसत होती. कोंडू बॉनेटवर, मागून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, हातात लाल फडकं. आणि मधे भगीरथ, मान पाठीकडे वळवून.

"डावीकडं घ्या."

"तुजी डावी का माजी?"

"रस्त्याची."

पहिल्या मैलातच भगीरथ दोनदा शेताच्या बांधाला लागला. मग रंजिताने डावं-उजवं सोडून दिलं आणि "झाडाकडं", "नदीकडं", "त्या म्हशीकडं नको" असं सांगायला सुरुवात केली. त्याने सगळं सोपं झालं. समोरून येणारे टेम्पोवाले जीपची पाठ बघून तिच्या मागे जायला बघत आणि तीच आपल्याकडे येते हे कळल्यावर ब्रेक मारत. झेंडूचा हार बघून बरेच जण नमस्कार करून बाजूला होत.

टोकावड्याच्या अलीकडे हवालदाराने हात केला. तो आधी जीपच्या मागच्या बाजूला आला, मग पुढच्या, मग पुन्हा मागच्या. शेवटी मधे भगीरथपाशी थांबला.

"काय चाललंय?"

"काय नाय साहेब," भगीरथ म्हणाला. "मागं घेतोय."

"कुठपर्यंत?"

"टोकावड्यापर्यंत."

हवालदाराने लायसन बघितलं, कागद बघितले, सगळं जिथल्या तिथे होतं. मागे घ्यायला मनाई नाही, पण त्याला काही मर्यादा पाहिजे, असं त्याचं म्हणणं पडलं. भगीरथने अदबीने विचारलं, की साहेब, किती मर्यादा? हवालदाराने रस्त्याकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, बॉनेटवरच्या कोंडूकडे बघितलं, आणि शेवटी म्हणाला, "मला दिसायचे बंद व्हाल एवढी." तेवढी मर्यादा त्यांनी लगेच पाळली.

पाड्याची चढण जीपने अशी चढली, की कोंडूला पुन्हा आपल्या कामाचा अभिमान वाटायला लागला. सगळा पाडा बाहेर आला होता. जीप पाठमोरी थेट नवसूबाबांच्या दारापाशी येऊन थांबली, खुर्ची बरोबर उंबऱ्यासमोर.

नवसूबाबा धुतलेला सदरा घालून, टोपी घालून दारात उभे होते. चेहरा पिठासारखा. काल दुपारपासून त्यांच्या पोटात अन्न नव्हतं. सदऱ्याच्या खिशातून दुमडलेली प्लास्टिकची पिशवी डोकावत होती, आणि उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. रंजिताने पाया पडताना ती मूठ उघडली. आत लिंबू होतं.

"बा, लिंबू कशाला?"

नवसूबाबांनी आजूबाजूला बघितलं, आवाज खाली आणला. "मला गाडी लागते गो."

"म्हनून तर आनलीय."

"तशी नाय. लागते. पोटात."

कोंडू बॉनेटवरून उतरायचा थांबला. भगीरथ उतरून सासऱ्यांसमोर उभा होता, पण मान अजून पाठीकडेच वळलेली होती, त्यामुळे तो बघत होता डोंगराकडे, पण ऐकलं त्याने नीट.

"मामा," तो डोंगराला म्हणाला, "मांडवात काकांना तुमी..."

"तेच बोललो. पोरगा व्हतो तवा ट्रकात बसून मुरबाडला गेलो व्हतो. आतडी भायेर आली माजी. तवापासून चाकाला पाय लावला नाय. काका तुमचे मोठे मानूस, सगळ्या मांडवात काय फोडून सांगनार?"

"मंग मी निरोप धाडला तवा तरी सांगायचं."

"जावई सोताची गाडी आनतो म्हनतो," नवसूबाबा म्हणाले, "त्याला नको कसं म्हनू?"

सहा वर्षं एक माणूस ऐपत जमवत होता आणि दुसरा हिंमत. रंजिता उंबऱ्यावर बसली, पदर तोंडाला लावला, आणि तिचे खांदे हलायला लागले. हसते का रडते ते कुणाला कळेना. मनस्वीने खाली वाकून बघितलं आणि दोन्ही, असं सगळ्यांना सांगितलं.

भगीरथ म्हणाला, मामा, राहू दे, पायी जाऊ, मी पण येतो. पण नवसूबाबांनी टोपी नीट केली. जावयाने मान मोडून गाडी दारात आणली, आता मरण आलं तरी बसणार, असं ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. पिशवी मांडीवर, लिंबू नाकाशी, डोळे बंद. कोंडूने दोरी दुहेरी करून गिअर धरला, जीप पुढे-मागे करून वळवली, आणि मग पहिल्या गिअरमध्ये, म्हणजे मागे, जीप चढण उतरायला लागली.

पहिल्या वळणाला नवसूबाबांनी एक डोळा उघडला. समोर ना काच होती, ना बॉनेट, ना कुणाचं डोकं. नुसता रस्ता त्यांच्या पायांखालून निघत होता, तोंडावर भाताच्या शेतावरचा वारा येत होता. दुसऱ्या वळणाला दुसरा डोळा उघडला. ओढ्यापाशी त्यांनी लिंबू नाकापासून खाली घेतलं. टोकावड्याला ते म्हणाले, "त्या बैलगाडीकडं नको, झाडाकडं घे," आणि तिथून पुढे गाडी तेच चालवायला लागले. रस्त्याने ओळखीचं कुणी दिसलं की हात वर करायचे. गाडीत सगळ्यात पुढे बसलेल्या माणसाला हे शोभून दिसत होतं. मनस्वी त्यांच्या मांडीवर बसली होती, प्लास्टिकच्या पिशवीवर.

ऊन उतरायच्या आत जीप सरळगावात पोचली. नवसूबाबा आपले आपण उतरले. धोंडीबाईने भाकरतुकडा ओवाळून टाकला. ते ओटीवर चढले, भिंतीला हात लावून बघितला, चुलीकडे बघितलं, आणि लेकीच्या घरात जमिनीवर मांडी घालून बसले, कारण खुर्ची जीपला बांधलेली होती. मग खिशातून आपट्याची पानं काढून त्यांनी सगळ्यांना सोनं दिलं. जावई दिसेना. तो कुंपणापाशी वाकून उभा होता. चोवीस-पंचवीस किलोमीटर मान उलटी करून बसल्यावर जे व्हायचं ते त्याला होत होतं.

नवसूबाबा उठून त्याच्यापाशी गेले, पाठीवरून हात फिरवला आणि अख्खं लिंबू त्याच्या हातात दिलं. "घ्या जावयबापू," ते म्हणाले. "चोखायचं नाय, नुसतं हुंगायचं."

पुढच्या आठवड्यात कोंडूने एक्सल सुलटा करून दिला. जीप सगळ्यांच्या जीपसारखी पुढे जायला लागली. दिवाळीला भगीरथ ती घेऊन पाड्यावर गेला आणि नवसूबाबांना मानाने आपल्या शेजारी बसवलं. ओढ्यापर्यंतच गेले असतील. तिथे थांबवून ते उतरले, झुडपामागे जाऊन आले, तोंड धुतलं आणि शांतपणे म्हणाले, "सुलट्या गाडीत मला उलटी व्हते. उलट्या गाडीत काय नाय व्हत. तुमी कोंडूला बोलवा."

कोंडूने एक्सल पुन्हा फिरवला. या वेळी ठिपका त्याने धोंडीबाईकडूनच लावून घेतला. नवसूबाबा आता महिन्यातून एकदा येतात. यातलं काहीही घडलेलं नसल्यामुळे भगीरथला आजवर त्रास झालेला नाही, पण तो कागदोपत्री माणूस आहे, त्याला सगळं नोंदीत असलेलं बरं वाटतं. म्हणून त्याने कचेरीतल्या कोऱ्या कागदावर, स्वतःच्या वळणदार अक्षरात, एक अर्ज लिहून रीतसर धाडला आहे. तो असा :

प्रति,
मा. परिवहन अधिकारी यांस,

विषय : वाहनाची पुढील बाजू बदलून मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयी सविनय सादर करतो की, माझे मालकीचे जीप वाहनाची पुढील बाजू ही मागील व मागील बाजू ही पुढील समजण्यात यावी आणि नोंद पुस्तकात तशी दुरुस्ती व्हावी. मागे दोरीने बांधलेली नायलॉनची खुर्ची हे चालकाच्या पुढील आसन धरण्यात यावे. सदर वाहन सार्वजनिक रस्त्यावर आजवर उलटे चालविलेले नाही. तथापि माझे सासरे यांना सुलटी गाडी लागते, म्हणून त्यांना उलटी गाडी लागते. या वाक्यातील पहिले 'लागते' व दुसरे 'लागते' यांत गल्लत झाल्यास सहा वर्षे जातात, असा अनुभव असल्याने ते कृपया दोनदा वाचावे. मंजुरी येईपर्यंत आम्ही गाडी फक्त मागे घेत आहोत असे समजण्यात यावे, ही नम्र विनंती.